‘माझा स्वभावच असा’ आणि ‘मीच वाईट’ यांच्या मधली जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुणी चूक दाखवली की तुम्ही आधी तावातावाने भांडता आणि मग दोन-दोन दिवस स्वतःला कोसत बसता. मध्यंतरी पत्नी म्हणाली, ‘तुझ्याशी काही बोलायचीच धास्ती वाटते,’ आणि ते वाक्य तुमच्या मनातून जात नाही. ‘स्वतःला आहे तसं स्वीकारा’ हा सल्ला तुम्ही ऐकलाय, पण स्वीकारलं तर सुधारणार कसं हे कळत नाही. आणि मन मोकळं करायला गेलं की बोलणं पुन्हा भांडणावरच येतं.

मी २२ वर्षं समुपदेशन करते आहे, त्यातला बराचसा काळ जोडप्यांबरोबर गेला. त्या अनुभवावरून आधी एक सांगते. आधीचं भांडण आणि नंतरचं कोसणं या तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्या एकाच माळेतल्या आहेत. भांडताना तुम्ही स्वतःला वाचवत असता, कोसताना स्वतःला शिक्षा करत असता. दोन्ही वेळा लक्ष तुमच्यावरच असतं. जिला लागलं, ती दोन्ही वेळा बाजूला उभी राहते. माझं सगळं उत्तर या एका निरीक्षणावर उभं आहे.

मराठीत आपण लाज, शरम, अपराधीपणा हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. मानसशास्त्रात त्यांत फरक करतात. हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये तो नीट मांडला: अपराधीपणात नजर केलेल्या कृतीवर असते, शरमेत ती अख्ख्या ‘मी’वर पडते. ‘मी तिला चारचौघांत बोललो, ते चुकलं’ हा अपराधीपणा. ‘मी माणूसच नालायक आहे’ ही शरम. पुढे जून टँगनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. ज्यांचा कल अपराधीपणाकडे असतो ती माणसं समोरच्याचं दुःख जास्त समजून घेताना दिसली, बिघडलेलं सावरायलाही ती पुढे येतात. शरमेकडे कल असणाऱ्यांमध्ये राग आणि दुसऱ्यावर खापर फोडणं जास्त आढळलं. म्हणजे तुम्ही स्वतःला जितकं जास्त कोसाल, तितकं पुढच्या वेळी चूक ऐकून घेणं अवघड होणार. ज्याला एका चुकीत आपण पूर्ण नालायक ठरतो असं वाटतं, तो ती चूक मान्य कशी करेल? तो भांडेलच. तुमचा भडका आणि तुमचं कोसणं एकमेकांना असं पोसत राहतं.

एक संवाद बघा. माझ्या खोलीत तो थोड्याफार फरकाने वारंवार ऐकू येतो.

‘काल पाहुण्यांसमोर तू माझं बोलणं अर्ध्यात तोडलंस. मला फार लागलं.’

‘हो, मी आहेच तसा. मी कुणालाच सुख देऊ शकत नाही. तू माझ्याशी लग्नच करायला नको होतंस.’

‘असं काय बोलतोस? मला तसं नव्हतं म्हणायचं…’

तीन वाक्यांत सगळं उलटलं. जिला लागलं होतं, तीच आता समजूत घालतेय. तिचं दुखणं कुठे गेलं? कुणी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे बोलणारा माणूस कांगावा करत असतो असं मुळीच नाही, त्याला खरोखर वाईट वाटत असतं. पण हे ऐकणाऱ्या माणसाला वर्षभरात कळून चुकतं की याला काही सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, कारण सांगितलं की एक तर आरडाओरडा तरी होतो नाही तर याला सावरत बसावं लागतं. तुमच्या पत्नीच्या ‘धास्ती’ या शब्दात हे दोन्ही असू शकतं. तिला विचारा. आरडाओरड्याइतकीच नंतरच्या दोन दिवसांचीही धास्ती आहे असं ती म्हणाली, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

म्हणून ‘मीच वाईट’ या वाक्याला मी प्रामाणिकपणा मानत नाही. त्यात तपशील नसतो. कधी, काय, कुणाला, त्यामुळे काय झालं, यातलं काहीच त्यात येत नाही. आणि जिथे तपशील नाही तिथे भरपाईही करता येत नाही.

आता स्वीकाराबद्दल. ‘माझा स्वभावच असा आहे, पटलं तर बघ’ यालाही लोक स्वतःला स्वीकारणं म्हणतात. माझ्या मते तो नकार आहे. त्या वाक्याने आपण समोरच्याला सांगतो की माझ्या खोडीची किंमत यापुढेही तूच मोजायची आहेस. खोड पदरात घ्यायची तर तिचे परिणामही पदरात घ्यावे लागतात.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडायला सुरुवात केली. त्यातला एक विचार मला रोज उपयोगी पडतो: माणसाच्या वागण्याचं मूल्यमापन करा, माणसाचं करू नका. परीक्षेत एक उत्तर चुकलं तर ते उत्तर चुकलं, विद्यार्थी चुकीचा ठरत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण स्वतःला लावायला गेलं की कळतं, आपण आयुष्यभर उलटं करत आलोय. कार्ल रॉजर्स तर म्हणायचे की मी जसा आहे तसा स्वतःला स्वीकारतो, तेव्हाच मी बदलू शकतो, आणि हा त्यांना मोठा विलक्षण विरोधाभास वाटे. सुरुवातीला मला हे वाक्य नुसतंच गोड वाटायचं. मग लोकांबरोबर बसून बसून त्यातली यंत्रणा दिसली. जी गोष्ट माझ्यात आहे हेच मला बघवत नाही, ती कधी सुरू होते, कशाने वाढते, कशाने थांबते हे मी कसं बघणार? बदलायचं तर आधी टक लावून बघता यायला हवं, आणि टक लावून बघायचं तर त्या बघण्याची भीती कमी व्हायला हवी.

तुमची शंका रास्त आहे: स्वतःशी मऊ वागलं तर आपण सैलावणार नाही का? ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात लोकांना आधी एक अवघड चाचणी दिली, ती त्यांना नीट जमली नाही. त्यानंतर ज्यांना स्वतःकडे आपुलकीने बघायला सुचवलं, त्यांनी पुढच्या चाचणीच्या अभ्यासाला इतरांपेक्षा जास्त वेळ दिला. चाबूक ओढला तरच आपण पळतो, ही समजूत आपल्यात फार खोल आहे, पण माझा अनुभवही या प्रयोगाच्या बाजूचाच आहे. स्वतःला झोडपणारी माणसं सुधारण्यापेक्षा लपवण्यात तरबेज होतात.

मग करायचं काय? खोडीचं वर्णन असं करा, की खोलीत बसलेल्या तिऱ्हाइताला ते डोळ्यांनी दिसलं असतं. ‘मी तापट आहे’ हे कुणालाच दिसत नाही. ‘पैशांचा विषय निघाला की दोन-तीन वाक्यांतच माझा आवाज चढतो, मी तिला मध्येच तोडतो, मग उठून दुसऱ्या खोलीत जातो आणि रात्री जेवायला येत नाही’ हे दिसतं. असं लिहून काढा, खरंच कागदावर. लिहिताना बहुतेकांना एक गोष्ट लक्षात येते: ही खोड सगळीकडे नसते. वरिष्ठांनी चूक काढली तर आवाज चढत नाही. अनोळखी माणसासमोर चढत नाही. म्हणजे आवरण्याचं बळ तुमच्यात आहे, ते कुठे वापरायचं याची निवड होतेय, भले ती नकळत होत असेल. ही जाणीव टोचते. टोचू द्या. पण तिच्यात आशाही आहे, कारण ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण इथेच लंगडी पडते.

आणखी एक विचारून बघा: या खोडीने कधीकाळी माझं काय राखलं? ज्या घरात चूक कबूल केली की महिनाभर ती उगाळली जायची, तिथे वाढलेलं मूल चूक नाकारायला शिकतं. तेव्हा तो शहाणपणा होता. आता घर बदललंय, माणसं बदललीत, पण हात जुन्याच ढालीकडे जातो. हे कळलं म्हणून खोडीला माफी मिळत नाही, मात्र तिच्याकडे बघताना तुमचे दात-ओठ आवळलेले राहत नाहीत.

माझी खोड सांगते. मला उपाय सुचवायची घाई असते. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई सत्राच्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘माझं वाक्य संपायच्या आधीच तुमच्या चेहऱ्यावर उत्तर दिसायला लागतं.’ त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते समर्थन: मी यांच्या भल्यासाठीच तर विचार करतेय. घरी गेल्यावर दुसरं टोक आलं: मी या कामाच्या लायकीचीच नाही. तुम्ही लिहिलेलं तेच चक्र, बघा. त्या रात्री नीट आठवून पाहिलं, तेव्हा कळलं की त्या आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगत होत्या आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात सुट्टी कशी मिळवता येईल याची आखणी चालू होती. पुढच्या भेटीत मी म्हणाले, ‘तुम्ही म्हणालात ते खरं आहे. तुम्ही वडिलांबद्दल बोलत होतात आणि मी उपाय शोधायला लागले. तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘माझं सगळ्यांना पटकन आटपायला हवं असतं.’ आमचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं. ती घाई माझ्यात आजही आहे. आता तिची चाहूल लागली की मी हातातलं पेन खाली ठेवते आणि एक प्रश्न जास्त विचारते.

इथे समानुभूतीचा मुद्दा येतो. तुम्ही लिहिलंय, ‘मी तिच्या जागी स्वतःला ठेवून बघतो, पण मला तर एवढं लागलं नसतं.’ इथेच वाट चुकते. १९९७ मध्ये डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ‘याच्या जागी मी असतो तर मला काय वाटलं असतं’ आणि ‘याला काय वाटत असेल’ या दोन कल्पनांचा मनावर वेगळा परिणाम होतो. दुसरीने समानुभूती जागते. पहिलीने ती जागतेच, पण सोबत आपला स्वतःचा त्रासही उसळतो, आणि तो उसळला की माणूस समोरच्याला सोडून स्वतःच्या सुटकेकडे वळतो. तुमच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे: तिच्या जागी तुम्ही स्वतःचाच कातडीचा जाडपणा घेऊन जाता.

त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे, नुसत्या कल्पनेने दुसऱ्याचं मन अचूक कळत नाही. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये तब्बल २५ प्रयोगांचं काम प्रसिद्ध केलं. दुसऱ्याच्या नजरेतून बघायचा प्रयत्न केल्याने त्याच्या मनाबद्दलचा अंदाज जास्त अचूक होतो, असं त्यात दिसलं नाही. अचूकता वाढली ती सरळ विचारल्यावर आणि उत्तर ऐकल्यावर. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. समानुभूती ही काही थोड्या हळव्या माणसांना मिळालेली देणगी नाही. ‘तुला त्यातलं सगळ्यात जास्त काय लागलं?’ हा प्रश्न कुणीही विचारू शकतं. अवघड असतं ते उत्तर संपेपर्यंत ‘पण’ न म्हणणं.

आता खरं बोलण्याबद्दल. तुम्ही म्हणता, खरं बोललं की समोरचा दुखावतो. मी उलट विचारते, तुम्ही बोललात ते ‘खरं’ नेमकं काय होतं? स्वतःला रोखठोक म्हणवणारी माणसं बहुतेक वेळा समोरच्याबद्दलचा आपला निवाडा ऐकवत असतात. ‘तुला माझी कदर नाही’ हे सत्य नाही, तो तुम्ही काढलेला अर्थ आहे. ‘मी आलो तेव्हा तू फोनवरून नजर वर केली नाहीस आणि मला एकटं वाटलं’ यात दोन गोष्टी आहेत, एक दिसलेली आणि एक जाणवलेली, आणि दोन्ही खऱ्या आहेत. मार्शल रोझेनबर्ग यांनी अहिंसक संवादाची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे: काय दिसलं, काय वाटलं, मला कशाची गरज आहे आणि मी काय विनंती करतो. चारही पायऱ्या पाठ करून बोलायला गेलात तर बोलणं कृत्रिम होतं, असं माझं मत आहे. पहिल्या दोन नीट जमल्या तरी खूप झालं.

दुसऱ्या टोकाची माणसंही येतात. ती ताकाला जाऊन भांडं लपवतात. ‘काही नाही गं, दमलोय’ म्हणतात आणि मनात धुमसत राहतात. त्यांना खात्री असते की खरं सांगितलं तर नातं तुटेल. एमा लिव्हाइन आणि टाया कोहेन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही लोकांना तीन दिवस प्रत्येक संभाषणात प्रामाणिक राहायला सांगितलं. हे जितकं कष्टाचं आणि नात्यांना घातक होईल असं लोकांना वाटतं, तितकं ते झालं नाही. त्यातून समाधानही अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. याचा अर्थ मनात येईल ते बरळावं असा नाही. आपली भीती परिणामांचा अंदाज फार फुगवून सांगते, एवढाच अर्थ मी घेते.

शरीराकडे दुर्लक्ष करू नका. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांची भांडणं चालू असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाला समोरचं बोलणं नीट ऐकू-समजू येत नाही, असं ते सांगतात, आणि उतरायला किमान २० मिनिटं द्या असंही म्हणतात. तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत जाता ते कदाचित याचसाठी. फरक फक्त इतका करा, की जाताना परत यायची वेळ सांगा. ‘मला आता ऐकू येत नाहीये, मी अर्ध्या तासाने येतो, आपण हे पूर्ण करू’ असं म्हणून गेलात तर ती विश्रांती ठरते. न सांगता गेलात तर ती शिक्षा होते, आणि तुमच्या घरात सध्या तेच होतंय. त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात खटला मात्र चालवू नका, नाहीतर ठोके उतरणारच नाहीत. चाला, भांडी घासा, हात कशात तरी गुंतवा. आणि सांगितलेल्या वेळी परत या, विषय नकोसा वाटत असला तरी.

एवढं करूनही तुम्ही चुकाल. पुढच्याच आठवड्यात चुकाल. तेव्हा तान्ह्या मुलांवरचं एडवर्ड ट्रॉनिक यांचं काम आठवा. आई आणि बाळ यांचे सूर पूर्ण जुळलेले असण्याचा वेळ, अगदी छान चाललेल्या नात्यातही, साधारण ३० टक्केच असतो, असं त्यांना दिसलं. उरलेला वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो, आणि विश्वास त्या जुळवून घेण्यातून तयार होतो. माझ्याकडे येणारी जोडपी ‘आमचं महिनाभर भांडण झालं नाही’ असं सांगतात तेव्हा मी फार खूश होत नाही. ‘भांडण झालं, पण या वेळी तो तासाभरात परत आला’ असं कुणी म्हटलं की मात्र मला खरा आनंद होतो.

दोन ठिकाणी माझं वरचं बोलणं लागू होत नाही. हात उगारणं, धमकी देणं, पैसे किंवा फोन काढून घेणं, कुणाला भेटू न देणं यांना मी उणिवा म्हणत नाही. असं काही तुमच्या हातून होत असेल तर ‘समजून घे’ असं म्हणायचा हक्क तुम्हाला नाही. आधी तिची सुरक्षितता आणि तुमच्यासाठी तज्ज्ञांची मदत, बाकी सगळं नंतर. आणि हे तिच्याकडून होत असेल तर सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊ नका. दुसरं ठिकाण: स्वतःला कोसणं दोन आठवड्यांहून जास्त रोज चालू राहिलं, झोप-भूक गेली, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

तुम्ही विचारलंय, सुरुवात कुठल्या वाक्याने करू. भांडण नसलेली एखादी संध्याकाळ निवडा. आधी विचारा, ‘मला आपल्या त्या दिवसाबद्दल बोलायचंय, आता बोलू का?’ ती नको म्हणाली तर नको. हो म्हणाली तर साधारण असं बोला: ‘तू म्हणालीस की माझ्याशी बोलायची धास्ती वाटते. मी आठवून बघितलं. तू खर्चाबद्दल विचारलंस, मी आवाज चढवला, तुला तोडलं आणि निघून गेलो. नंतर दोन दिवस मी तोंड पाडून बसलो, त्यामुळे तुझं म्हणणं राहूनच गेलं. ते मला ऐकायचंय.’ इथे थांबा. ‘मी किती वाईट आहे’ हे जोडू नका, ‘पण तूसुद्धा’ हेही नको. तिच्याबद्दलची तुमची तक्रार खरी असेल, ती मांडायचा हक्क तुम्हाला आहे, पण ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

ती लगेच विरघळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती म्हणू शकते, ‘बघू किती दिवस टिकतं ते.’ कदाचित रडेल, कदाचित पाच वर्षांपूर्वीचं काढेल, कदाचित नुसतीच उठून कामाला लागेल. जिला धास्ती वाटत होती, तिला ती सोडायला वेळ लागतो, आणि तो किती लागावा हे तुम्ही ठरवायचं नाही. पाच वर्षांपूर्वीचं काढलंच, तर ‘ते आता कशाला’ हे शब्द ओठांवर येतील. ते गिळा आणि विचारा, ‘तेव्हा काय झालं होतं तुला?’